खड्ड्याची ओटी

‘सदर ठिकाणी रस्ता डांबरी असून समतल व सुस्थितीत आहे. खड्डा दिसून आला नाही.’

पंचनाम्यातलं हे वाक्य मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद चुकून माझ्या हातात आला असेल. पण खाली आईचं नाव होतं, आणि आरोपी या शब्दापुढे बाबांचं. हयगयीने व भरधाव वेगात वाहन चालवून पत्नीच्या मृत्यूस कारणीभूत.

भरधाव. आमच्या बाबांच्या स्कूटरला सायकलवाले मागे टाकतात. आई मागे बसली की म्हणायची, मी उतरून चालत पुढे होते, तुम्ही या सावकाश.

मी घरातली पहिली पदवीधर. आईबाबा दोघंही मिठागरात वाढलेले. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, आणि बाबा खारघरला एका सोसायटीत वॉचमन झाले. आई घरी भाकऱ्या करून पळस्प्याच्या नाक्यावरच्या हॉटेलांना द्यायची. त्या भाकऱ्यांवर मी बी.कॉम. झाले. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. आमच्याकडे कसलाही कागद आला की तो आधी माझ्यासमोर येतो. शेजारचे लाइट बिलसुद्धा माझ्याकडून वाचून घेतात. आणि आता माझ्याच घरचा कागद माझ्या हातात होता आणि तो खोटं बोलत होता.

“खड्डा होता,” मी हवालदारांना म्हटलं. “पाण्याने भरलेला होता. स्कूटरचं पुढचं चाक आत गेलं आणि आई फेकली गेली. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“ताई, आम्ही जागेवर गेलो तेव्हा नव्हता. पंचांच्या सह्या आहेत. एक पंक्चरवाला, एक पानवाला. दोघं तिथलेच.” त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. माणूस वाईट नव्हता. “आणि समजा असता. आम्ही काय खड्ड्यावर गुन्हा दाखल करायचा? त्याला समन्स कुठं बजावायचं?”

शेजारच्या टेबलावरचा शिपाई हसला. मी हसले नाही, तसा तोही गप्प झाला.

“तुमच्या वडिलांनी जबाबात काय सांगितलंय ते वाचा ना,” हवालदार म्हणाले.

वाचलं. ‘माझ्या हातून ती गेली. मीच तिला पाडली.’

बाबा हे वाक्य हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळ्यांना सांगत होते. भेटायला आलेल्याला, नर्सला, लिफ्टमनला. नवरा रडताना म्हणतो ते वाक्य. हवालदारांनी ते जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि कागदावर आल्यावर ते रडणं राहिलं नव्हतं, कबुली झाली होती.

झालं होतं ते असं. श्रावणात उलव्याला माझ्या मावशीच्या नातवाचं बारसं होतं. आई मेथीच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बाबांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली. गावातून हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक फिरून फिरून एक मोठा खड्डा झाला होता. त्या सकाळी पाणी रस्त्याला टेकलेलं होतं. खड्डा कुठला आणि रस्ता कुठला, कळायला मार्ग नाही. आईचं डोकं दुभाजकावर आपटलं. काही दिवस ती कळंबोलीच्या हॉस्पिटलात होती, मग गेली. हॉस्पिटलचे कागद कळंबोलीच्या ठाण्यातून आमच्या ठाण्यात यायला आणखी काही दिवस गेले. त्यानंतर पोलीस जागेवर गेले, आणि तिथे रस्ता समतल व सुस्थितीत होता.

ठाण्यातून निघून मी घरी गेले नाही. सरळ त्या रस्त्यावर गेले. आई गेल्यापासून मी ती वाट टाळत होते, मागच्या बाजूने फिरून जात होते. आणि खरंच, खड्डा नव्हता. तिथे काँक्रीटचा एक चौकोन होता, नीट घोटलेला, कडा रस्त्याला मिळवलेल्या. मी त्यावर उभी राहिले. बूट आपटून पाहिला. पक्का. मागून एक डंपर हॉर्न वाजवत आला तेव्हा बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि ऑफिसं फिरायला सुरुवात केली. तेव्हापासून मला एका जागी बसवतच नाही. जेवताना उठते, टीव्ही लावते, बंद करते. रस्ता कुणाचा, एवढाच माझा प्रश्न होता. पहिल्या ऑफिसात म्हणाले, आमची हद्द नाल्यापर्यंत. नाल्याच्या पलीकडच्या ऑफिसात म्हणाले, रस्ता आमच्याकडे यायचाय, पण हस्तांतरण झालेलं नाही.

“मग आई कुणाच्या हद्दीत पडली?” मी विचारलं.

“मॅडम, असं नाही विचारायचं,” क्लार्क म्हणाला.

“कसं विचारायचं ते सांगा, तसं विचारते.”

शेवटी एका तरुण इंजिनियरने मला खुर्ची दिली. हद्दीचं काही का असेना, म्हणाला, देखभाल आमच्या ठेकेदाराकडे आहे. आणि त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटोत तोच काँक्रीटचा चौकोन. “हे बघा. ठेकेदाराने पावसाच्या आधीच भरलाय. तुमच्या अपघाताच्या कितीतरी आधी. आजही शाबूत आहे.”

“हा फोटो पावसाच्या आधीचा?”

“तो तसं सांगतो.”

“पावसाच्या आधी इथून आमचं अख्खं गाव लंगडत जात होतं, साहेब.”

“असेल. पण आज तिथे खड्डा नाही. पोलीस पंचनाम्यात नाही. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर आणा.” मग जरा खालच्या आवाजात, “त्याला खोटं ठरवायला मला आवडेल. पण काहीतरी हातात द्या.”

पनवेलच्या कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी आधी माझं शिक्षण विचारलं, मग म्हणाल्या, “बरं झालं, तुला समजावून सांगता येईल. रस्ता सांभाळणाऱ्याने सांभाळला नाही आणि त्यात माणूस गेला, तर जबाबदारी त्याच्यावर येते. कोर्टं हे मानायला लागलीत. पण त्यासाठी खड्डा पाहिजे. खड्डा नसेल तर उरतो फक्त चालवणारा. तो सापडतो, त्याला घर असतं, पत्ता असतो. म्हणून गुन्हा त्याच्यावर.”

“खड्डा कुणी बुजवला ते कळलं तर?”

“कळलं आणि अपघातानंतर बुजवला हे दाखवता आलं, तर वडिलांचं नाव निघू शकतं. नाहीतर दोषारोपपत्र तुझ्या बाबांवरच जाणार.”

मी परत घरी आले तेव्हा ओट्यावर माझी आत्या मटार सोलत बसली होती. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. मी चप्पल काढताकाढताच बोलायला लागले. ठेकेदार चोर आहे, आपला खड्डा रात्रीतून बुजवून मोकळा झाला आणि आता म्हणतो आधीच भरलेला.

आत्याने शेंग हातातच धरली.

“कोन ठेकेदार?”

“खड्डा बुजवणारा.”

“तो त आमी बुजवला,” आत्या म्हणाली.

माझी एक चप्पल अजून पायातच होती.

“तुझ्या चुलत्यानं मिक्सरवाल्याला सांगतला. उलव्याच्या साइटवरना परत येताना गाडीत माल उरतो, तो सांडून देतात कुठं बी. बोलला, हितं टाक. खाली आमी विटांचे तुकडे टाकले, कौलं टाकली. वर मिक्सरवाल्यानं माल वतला. पोरांनी फळीनं घोटला. दुसरं कोन पराला नको ना त्यात.”

“कधी?”

“तिला पोचवली त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“आणि मला कुणी सांगितलं का नाही?”

“तू त कागदांच्या मागं फिरत व्हतीस हॉस्पिटलात. आनि तुला कशी नेनार? तू कुवारीन. आदी वटी भरली ना.”

तेव्हा मला समजलं. आमच्याकडे सवाष्ण बाई वाटेत गेली की त्या जागेची ओटी भरतात. गावातल्या सवाष्णी जातात, हळदकुंकू वाहतात, खण, तांदूळ, नारळ ठेवतात. म्हणजे तिचा जीव त्या वळणावर अडकून राहत नाही, समाधानाने पुढे जातो. लग्न न झालेल्या मुलीने तिथे जायचं नसतं. आमच्या बायकांनी खड्ड्याची ओटी भरली आणि गड्यांनी वरून काँक्रीट ओतलं. सगळं प्रेमाने केलं. आणि मग पोलीस आले.

मी ओरडले नाही, पण माझ्या बोलण्यात धार आली असणार. “आत्या, तुम्ही पुरावा बुजवलात. बाबांच्या नावावर गुन्हा आहे, ठाऊक आहे का? तुम्ही रस्ता इतका छान केलात की ठेकेदार त्याला आपलं काम म्हणतोय.”

“मग बोल ना त्याला. त्याच्या बापाला तरी जमंल का असला?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. आत्या पुन्हा मटार सोलायला लागली. मग मीच विचारलं, ओटीत काय काय ठेवलं होतं.

“खन, तांदूल, नारल. तिच्या हिरव्या बांगड्या.”

“कुठल्या?”

“हॉस्पिटलवाल्यांनी दिल्या त्याच ना. निम्म्या फुटलेल्या. म्हणून त्या पिशवीतच ठेवल्या, काच कोनाला लागली असती. पिशवीवर चिठ्ठी व्हती चिकटवलेली.”

ती चिठ्ठी मी पाहिली होती. आईला दाखल केलं तेव्हा अंगावरचं सगळं काढून नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं, वर छापील पट्टी, आईचं नाव आणि दाखल केल्याची तारीख. ती पिशवी काँक्रीटच्या खाली होती. पावसाच्या आधी भरलेल्या खड्ड्यात श्रावणातल्या तारखेची पिशवी कशी असेल?

संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले. मी त्यांना सगळं समोर बसून सांगितलं. अतिरिक्त पंचनामा मागता येईल, पोलिसांसमोर तो चौकोन फोडायचा, पिशवी निघेल, तुमचं नाव निघेल.

त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

“नको,” ते म्हणाले.

“का नको?”

“वटी कोन परत काढतं का? दिली ती दिली. तिला त्यात काय बरं वाटलं असंल तर राहू दे. माझा नाव लिवला त लिवला. चालवत मीच व्हतो ना?”

“तुम्ही पाडलं नाही तिला, बाबा.”

“मीच पाडली.”

त्या आठवड्यात मी वकीलबाईंना फोन करायची आणि त्यांनी उचलला की कट करायची. ऑफिसात व्हाउचरं चुकीची भरली. गावातही बातमी फिरली. कुणी म्हणालं, पैशासाठी बापाला कोर्टात उभं करते. एक काकू नळावर मला ऐकू जाईल असं म्हणाली, “शिकली ना ती. शिकलेल्याला मेलेली बाई पन कागदच दिसते.” मी तिची कळशी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली आणि म्हटलं, काकू, तुमच्या नवऱ्याच्या नावावर गुन्हा लागला की माझ्याकडेच कागद घेऊन या.

मार्ग आत्याने काढला. एका सकाळी भाकरी थापताना ती बाबांना म्हणाली, “दादा, पोर माहेराला येते, तिची वटी भरतो. परत जाते, परत येते. दुसऱ्यांदा भरत नाय का? एकदा भरली म्हणून दुसऱ्यांदा भरू नये, असं कोनी सांगतलं?”

आत्याने तव्यावरची भाकरी उलटली.

“परत काढाची नाय. उघडाची, आनि नवी भराची. खालची बी तिची, वरची बी तिची. आमी भरली, आमीच उघडू. तू फक्त उबा रहा.”

बाबांनी मान हलवली. हो म्हणाले का नाही म्हणाले, ते आत्याला समजलं. मला नाही. तिने मला खुणेने जा म्हटलं आणि मी वकीलबाईंकडे गेले.

अर्ज केला, पोलिसांनी मान्य केला, इंजिनियरला पत्र गेलं. ठरलेल्या दिवशी सकाळी हवालदार आले, पंच म्हणून परत तोच पंक्चरवाला आला, ब्रेकरवाला आला. इंजिनियर आला नाही. मीटिंग आहे, उद्या येतो, असा निरोप आला. हवालदार म्हणाले, मला परत परत येता येणार नाही, करून टाकू.

काँक्रीट फुटायला वेळ लागला. पंक्चरवाला म्हणाला, “हायवेला असा टाकला असता त माझा धंदा बसला असता.” ब्रेकर थांबला तेव्हा आत्या आणि आणखी तीन बायका खाली वाकल्या. त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. विटांचे तुकडे, कौलं एकेक करून बाजूला ठेवली. कुजलेला नारळ. खणाचा चिखल झालेला. मग पिशवी. आत्याने ती पदराने पुसली आणि हवालदारांना न देता आधी मला दिली. पट्टीत पाणी शिरलं होतं, पण आईचं नाव वाचता येत होतं, तारीख वाचता येत होती. काचा हिरव्या त्या हिरव्याच.

हवालदार लिहीत राहिले. या वेळी मी त्यांच्या शेजारी उभी राहून शब्दन् शब्द वाचत होते. ‘खड्डा’ लिहिलं तेव्हा मी म्हटलं, “खोल खड्डा.”

“ताई, खोल की उथळ ते इंजिनियर सांगेल.” पण थोड्या वेळाने त्यांनी पेन थांबवलं आणि आत डोकावले. “खोल आहे,” म्हणाले, आणि तो शब्द लिहिला. निघताना बजावलं, “साहेब येऊन मोजेपर्यंत हात लावू नका. बुजवू तर अजिबात नका. एकदा केलंत तेवढं पुरे.”

आता अडचण ही की रस्ता चालू होता. दुपारनंतर गाड्या वाढल्या. मी खड्ड्यात झाडाची फांदी रोवली, तिला माझी लाल ओढणी बांधली. तरी एक जोडपं स्कूटरवरून आलं, बाई मागे एका बाजूला बसलेली, मांडीवर पिशवी. त्याने शेवटच्या क्षणी हँडल वळवलं. बाई किंचाळली आणि स्कूटर तशीच पुढे गेली.

आत्या म्हणाली, “बुजवा. मना बघवत नाय.”

“उद्यापर्यंत थांब, आत्या. फक्त उद्यापर्यंत.”

“आनि तोवर कोन पडली मंजे?”

एकीकडे बाबा, दुसरीकडे ती अनोळखी बाई. मी विटांच्या तुकड्यांचं घमेलं उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

बाबा दिवसभर दूर वडापाशी उभे होते. आता ते चालत आले. खड्ड्याच्या काठाशी थांबले, आत पाहिलं. पावसात तो वाढला तेव्हापासून त्यांनी त्याचा तळ पाहिलाच नव्हता. त्या दिवशी तो पाण्याने झाकलेला होता आणि नंतर काँक्रीटने. ते आत उतरले. खड्डा त्यांच्या गुडघ्याला आला.

“एवढा व्हता?” त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते माहीत नाही.

मग ते घरी गेले आणि अंगावर वॉचमनचा निळा गणवेश चढवून, हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन परत आले. खड्ड्याच्या अलीकडे खुर्ची टाकली, शिट्टी तोंडात धरली. गाडी आली की शिट्टी, हात, बाजूने. “हितनं नको. तिकरनं घे.” मोठ्या गाड्यांना सलाम ठोकत, सवयीने. एक डंपरवाला थांबून म्हणाला, “काका, ट्रॅफिकमध्ये भरती झालात काय?”

“आजच्यापुरता,” बाबा म्हणाले.

आम्ही आळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो. आत्याने डबा आणला. ते जेवलेसुद्धा तिथेच, एका हाताने.

इंजिनियर दुसऱ्या दिवशी दुपारी आला, एकटाच. मदतनीस दुसऱ्या साइटवर होता. त्याने टेप काढली आणि इकडेतिकडे पाहिलं. गणवेशातले बाबाच समोर होते. “काका, जरा आत उतरून टोक धरता का? तळाला टेकवा.”

त्याला माहीत नव्हतं ते कोण आहेत. मी सांगायला तोंड उघडलं, पण बाबा उतरले होते. त्यांनी टेपचं टोक तळाला दाबून धरलं. इंजिनियरने वरून आकडा वाचला आणि वहीत लिहायला लागला.

“परत मोजा,” बाबा म्हणाले.

“बरोबर आहे, काका.”

“परत मोजा, साहेब. मी चालवत व्हतो ती गाडी.”

इंजिनियरने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वही बंद केली, परत वाकला, परत मोजलं. आकडा तोच आला. बाबांनी तो स्वतः टेपवर वाचला, ओठ हलवत, आणि मगच टोक सोडलं.

संध्याकाळी बायकांनी नवी ओटी भरली. आत्या मला म्हणाली, तू पन चल, माझी वहिनी व्हती ती, मी कोनाला विचारनार नाय. मिक्सरवाला आला. या वेळी मी काँक्रीट ओतायच्या आधी आणि नंतर, दोन्ही फोटो काढले. वकीलबाईंनी सांगितलंच होतं.

ठेकेदाराला नोटीस गेली आहे. कोणत्या ऑफिसची जबाबदारी किती, ते अजून ठरायचंय, आणि प्रत्येक तारखेला दोन्हीकडचे वकील नाल्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत भांडतात. बाबांचं नाव अजून कागदावर आहे. पण ‘मीच पाडली’ हे वाक्य त्या दुपारनंतर मी ऐकलेलं नाही.

आता दर सोमवारी मी ऑफिसला निघाले की ते दारात येतात.

“नाव काढला का गो त्यांनी?”

“नाही अजून, बाबा.”

“मग जा ना परत,” ते म्हणतात. “बसून काय राहतेस?”